माशीचं नाव

वाल्देसीच्या नावेच्या तोंडावर, दोन्ही बाजूंना, एका माशीचं बूड रंगवलेलं होतं, आणि ते बूड आहे हे अख्ख्या मानाउस बंदरात एकट्या झोराईदेला ठाऊक होतं.

बाकी सगळे त्याला चेहराच समजत. समजणारच हो! वर दोन पाकळ्या, डावी लांब आणि फुगीर, उजवी आखूड. दोन्हींच्या कडेला राठ केस, आणि मधोमध एक वाकडं नळकांडं. वाल्देसी प्रवाशांना बोटाने दाखवायचा, "हे डोळे. ह्या मिशा. ही सोंड. माझ्या पोरीची माशी आहे ही, तिच्या नावाची. जगात दुसरी नाही." मासळीवाल्या बायका येता-जाता तिला बोटं टेकवून ओठांना लावत. पाद्रीबाबांनी नव्या रंगावर पवित्र पाणी शिंपडलं तेव्हा झोराईदे मान खाली घालून शेजारीच उभी होती. नराचं बूड, आणि त्याला आशीर्वाद! तिला हसू फुटलं होतं. त्या दोघांची पोर, नायारा, गेल्यापासूनचं ते पहिलं हसू, म्हणून तिने ते तसंच गिळलं आणि चकार शब्द काढला नाही.

आता ह्या माश्या ओळखायच्या त्या तिथूनच, त्याला कोण काय करणार? झोराईदेची सगळी हयात कुबड्या माश्यांत गेली होती. तिळाहून लहान, पाठीला पोक, उडायचं सोडून पानांवरून तुरुतुरु पळणारी ही जमात. जंगलात ओढ्याकाठी तंबूचा सापळा लावला की त्याच्या बाटलीत शेकड्यांनी सापडतात, आणि सगळ्या मेल्या एकीसारखी एक. कपाळावरचे राठ केस कसे बसलेत ते बघा, पंखाच्या पुढच्या काठाची जाड शीर कुठवर जाते ते मोजा, मागच्या मांडीखालची लव बघा, पंखांमागच्या तोल सांभाळणाऱ्या गुंड्या काळ्या की फिक्या ते बघा. एवढी डोकेफोड करूनही दहा जाती एकमेकींत मिसळलेल्याच राहतात. मग नराचं पोट सुईने कापायचं, आम्लात गरम करून आरपार दिसेल असं करायचं, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचं आणि शेवटचं टोक बघायचं. तिथे मात्र प्रत्येक जातीची घडण निराळी. मादीवरून बहुधा काही कळत नाही, म्हणून मादीला कोणी विचारत नाही.

"आई, तुझ्या धंद्यात निदान पुरुष कुठून ओळखायचा ते ठरलेलं तरी आहे," नायारा म्हणायची. "बाहेर आम्हाला किती त्रास होतो!"

अशी जिभेची फटकळ पोर होती ती. लहानपणी बापाच्या नावेवर वाढली, मोठेपणी आईबरोबर सापळे लावायला लागली. नजर अशी तिखट की झोराईदेने कुठे घाईने "ही नवी जात दिसते" म्हटलं की हिचं आलंच, "दिसतंय ते सांग, आई. हवंय ते नको." आणि दहातल्या नऊ वेळा पोरीचंच खरं निघायचं. झोराईदे वरवर चिडायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन लोकांना कौतुकाने सांगायची.

मग साथीतला तो जानेवारी आला, शहरातला प्राणवायू संपला तो. नायारा टेबलाशी बसून माश्या निवडता निवडता खोकायला लागली. झोराईदे म्हणाली, "सर्दी आहे. पावसात सापळ्याची बाटली आणायला कोण गेलं होतं? होणारच." तिने आलं-लिंबाचं पाणी दिलं, वाफ दिली, पांघरूण दिलं. तिळाएवढ्या माशीच्या पोटावरचा केससुद्धा नजरेतून न सुटणारी ही बाई, पोटच्या पोरीचा श्वास कसा चाललाय ते तिला दिसलं नाही. वाल्देसी तेव्हा वेगळा राहायचा. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती, त्याचं घर म्हणजे नाव. तो पोरीला बघून गेला होता, नदीवर एक फेरी मारून परत आला, आणि आला तो तसाच प्राणवायूच्या रांगेत जाऊन उभा राहिला. उन्हात, पावसात, लोकांच्या रडारडीत. शेवटी एक सिलिंडर मिळालं. ते खांद्यावर टाकून तो गल्लीत वळला तेव्हा झोराईदे उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीत टाकून. तो तिच्या शेजारी बसला आणि ते भरलेलं सिलिंडर मांडीवर आडवं धरून बसून राहिला.

पुढे कित्येक महिन्यांनी झोराईदेने ती काम करायची त्या संस्थेतला फ्रिज उघडला, तर मागच्या कोपऱ्यात नायाराची शेवटची बाटली. वर तिच्याच अक्षरात ओढ्याचं नाव आणि तारीख. त्या बाटलीतली एकेक माशी झोराईदेने जपून निवडली. आणि त्यात हा एक नर निघाला. डावी पाकळी कोणाचीही नसते तशी फुगलेली, आणि पोटाखाली फिकट ठिपक्यांची ओळ, जी एरवी फक्त मादीला असते. नर असून मादीची खूण अंगावर मिरवणारा! तिने जगभरची चित्रं धुंडाळली, पत्रं लिहिली. असा नर कोणीच पाहिला नव्हता. आपल्या पोरीने जंगलातून उचललेली शेवटची चीज, आणि तीच नेमकी नवी निघावी! झोराईदे टेबलावर डोकं ठेवून रडली आणि तिने त्या जातीला नाव दिलं, नायारे. लॅटिनमध्ये बाईच्या नावाच्या शेवटाला एवढी मात्रा दिली की त्याचा अर्थ होतो, नायाराची.

वाल्देसीने छापील चित्र रंगाऱ्याकडे नेलं, नावेचं जुनं नाव खरवडून काढलं आणि मोठ्या निळ्या अक्षरांत नवं लिहून घेतलं. "नायारे," तो म्हणायचा. "हाक मारल्यासारखं वाटतं." वरच्या मजल्यावर प्रवासी आपापल्या झोळ्या आणून छताच्या आकड्यांना बांधतात आणि त्यात पडून प्रवास करतात. तिथे पुढच्या बाजूला, वारा येतो तिथे, आकड्यांची एक जोडी नायाराची होती, लहानपणापासून. ती तो रिकामी ठेवायचा. नाव कितीही भरो, माणसं एकमेकांच्या अंगावर झोपोत, ते आकडे कोणाला नाहीत. त्यावरून त्याची रोज कोणाशी ना कोणाशी जुंपायची. "ते आकडे सोडा! बाकी अख्खी नाव पडली आहे तुम्हाला!" लोक म्हणायचे, म्हातारा खडूस आहे.

इतकं सगळं नीट बसलं होतं. आणि अशात एके दिवशी अब्दियस खोलीच्या दारात उभा राहिला.

अब्दियस म्हणजे संस्थेतला सगळ्यांत जुना माणूस, माश्यांच्या कपाटांचा राखणदार म्हणा. दोन्ही गुडघे गेलेले, तोंडात कायम खडीसाखरेसारखी एक गोळी. झोराईदेने काम शिकलं ते त्याच्याच हाताखाली.

"झो, आहेस का?"

"नसले तर परत जाणार आहात?"

"नाही." तो खुर्चीत बसला आणि शर्टाच्या खिशातून त्याने कुप्या काढून टेबलावर एका ओळीत मांडल्या. "नदीपलीकडच्या सापळ्यातल्या आहेत. डावीकडून बघत ये."

"कॉफी घेणार?"

"आधी बघ."

त्याचा आवाज तिला आवडला नाही. तिने पहिली कुपी भिंगाखाली घेतली. साधीच माशी होती, शंभर वर्षांपूर्वी कुणा परदेशी माणसाने जिला 'क्षुल्लक' अशा अर्थाचं नाव देऊन ठेवलं होतं ती. जंगलात पायलीच्या पन्नास मिळतात. दुसरी, तीच. तिसऱ्या कुपीतल्या नराची डावी पाकळी किंचित सुजलेली. चौथ्याच्या पोटाखाली एक फिकट ठिपका. पुढच्याला ठिपके आणखी, सूज आणखी. आणि शेवटच्या कुपीत नायाराची माशी बसली होती. तीच फुगीर पाकळी, तीच ठिपक्यांची ओळ. हिचं पोट आम्लात घातलेलं नव्हतं, नुसतं उभं चिरलेलं होतं, आणि आत पांढराफटक, वेटोळं घालून, पोटभर पसरलेला एक किडा.

झोराईदेने भिंगावरून डोळा काढला नाही.

"अळी असतानाच आत शिरतो," अब्दियस म्हणाला. "मग नराला धड नर होऊ देत नाही. अर्धा मादीकडे झुकवतो. आजार आहे तो, झो. ही वेगळी जात नाही."

"तुमची आजारी असेल. माझी निराळी आहे."

"असेल."

"ओढा निराळा, नदीचा काठ निराळा. उगाच काय काहीही!"

"असेल म्हटलं ना. तुझी कुपी उघडून बघ. मला दाखवायला ये म्हणणार नाही."

"आणि छापणार कधी?"

"कोण छापतंय?" अब्दियसने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "ह्या कुप्या मी कपाटात मागे ठेवून देतो. तू आहेस तोवर मी आंधळा. तुझ्यामागे कोणाला सापडलं तर सापडू दे."

"माझ्यावर दया करता?"

"करतो. मी तिला ह्या टेबलाखाली रांगताना पाहिलंय. दया नको करू?"

"निघा," झोराईदे म्हणाली. "तुमच्या त्या कुप्या घ्या आणि निघा इथून!"

तो निघाला, पण कुप्या तिथेच राहिल्या. गुडघ्यांवर हात देत, भिंतीला धरत तो व्हरांड्यातून गेला, आणि तिला त्याला हाक मारून परत बोलवावंसं वाटलं, पण ती कपाटाकडे वळली.

ज्या एका माशीवरून नाव दिलं ती माशी कुलपात असते. झोराईदेने कुलूप काढलं. इवल्या कुपीत ग्लिसरिनचा थेंब, त्यात नायाराच्या माशीचं कापलेलं पोट, आणि त्याच्या बाजूला एक वेटोळं झालेला धागा. ह्या धाग्याची तिची जुनी ओळख होती. चित्र काढायला बसली तेव्हा तो पोटातूनच सुटून बाहेर आला होता. कापसाचा तंतू असेल, कपड्यावरून पडला असेल, असं म्हणून तिने तो सुईच्या टोकाने बाजूला लोटला होता आणि त्याच्याविना चित्र काढलं होतं. ह्या धंद्यात कुपीत आलेलं काही फेकत नाहीत, एवढ्या सवयीमुळे तो आजवर तिथे राहिला. आज तिने मोठं भिंग लावलं. कापूस कसला? आतून पोकळ, अंगावर बारीक आडव्या वळ्या. आम्लाने किडा विरघळला होता आणि त्याची कातडी उरली होती.

म्हणजे तिला दिसलं होतं. तेव्हाच दिसलं होतं, नि तिने सुईने बाजूला सारलं होतं.

पोरगी खोकत होती, ती म्हणाली सर्दी आहे. माशी आजारी होती, ती म्हणाली नवी जात आहे. दोन्ही वेळा समोर आजार होता, एक पाठीत वाकलेला आणि एक पोटात फुगलेला, आणि दोन्ही वेळा तिने तिला हवं ते पाहिलं. "मग मला दिसतं तरी काय?" ती त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. "कशाला आहेत हे डोळे? फोडून टाकू का?" आणि ती रडली. नाव दिलं त्या दिवशी रडली होती त्याच टेबलावर, पण त्या रडण्यात थोडं सुख होतं. ह्यात कणभरसुद्धा नव्हतं.

काही दिवस ती काही झालंच नाही अशी वागली. कुप्या तिने खणात लोटल्या. जेवायला गेली, विद्यार्थ्यांवर खेकसली, अब्दियस समोरून आला की रस्ता बदलला. कोणाचं काय बिघडत होतं? एक तिळाएवढी माशी, तिचं नाव राहिलं काय आणि गेलं काय, जगाला पत्ता नाही. पण त्या नावावर हात ठेवायला गेली की मनात पोरीचाच आवाज यायचा, दिसतंय ते सांग, आई. दुसऱ्या कोणाच्या नावावर खोटं बसवलं असतं तर ती कदाचित निभावून नेती. नायाराच्या नावावर? जन्मभर आईच्या थापा पकडणाऱ्या पोरीच्या नावावर खोटं ठेवायचं आणि वर ते जपायचं? नाही जमणार, बाई.

एकाच प्राण्याला दोन नावं पडली की जुनं राहतं आणि नवं जातं. ह्या लोकांच्या बोलण्यात, नवं नाव बुडतं. ते लिहून छापायला देण्याआधी वाल्देसीला सांगायलाच हवं होतं. तिने फोन लावला. पलीकडे इंजिनचा धडधडाट.

"वाल्देसी, ऐकतोस का? नाव बुडणार."

"काय? कुठली नाव? कोण म्हणतो? परवाच भेगा बुजवल्यात तिच्या, आत पाण्याचा थेंब नाही!"

"तुझी नाव नाही रे! नाव!"

"तेच म्हणतोय मी! कोण म्हणतो बुडणार?"

"माशीचं नाव!" झोराईदे ओरडली. "माशीचं नाव बुडणार!" व्हरांड्यातल्या खोल्यांतून दोन-तीन डोकी बाहेर आली.

पलीकडचं इंजिन बंद झालं.

"इकडे ये," वाल्देसी म्हणाला. "असलं फोनवर नको."

नदी त्या वर्षी भयंकर आटली होती. बंदराच्या पायऱ्या संपल्यावर पुढे चिखलच चिखल, त्यावर फळ्या टाकलेल्या, आणि हमाल केळ्यांचे घड डोक्यावर घेऊन त्या फळ्यांवरून पळत होते. नावा दूर खाली. झोराईदे जपून जपून उतरली. वाल्देसीने तिला हात देऊन वर घेतलं, थर्मासमधली कॉफी ओतली आणि तुकुमाँच्या फळाची फोड नि चीज घातलेला पाव पुढे केला.

"आधी खा."

"नको."

"तोंड बघितलंस का आरशात? खा म्हणतो ना."

"वाल्देसी, मला बोलू दे, नाहीतर माझ्याने बोलवणार नाही."

मग ती बोलली. किडा, पाकळी, ठिपके, धागा, सगळं सांगितलं. अब्दियस गप्प राहायला तयार आहे तेही सांगितलं. तो ऐकत होता, पाव हातात तसाच धरून.

"म्हणजे तशी माशी नाहीच," तो म्हणाला.

"माशी आहे. रोजचीच आहे. आजारी होती, म्हणून वेगळी दिसली."

"तो किडा काढला असता तर वाचली असती?"

"नाही रे. किडा आपला आपण बाहेर पडतो, आणि तो पडला की माशी मरते."

"मग मी हे काय रंगवून घेतलंय?"

झोराईदेने कॉफीचा कप खाली ठेवला.

"सांग ना. ह्यातला आजार कुठला? मला दाखव."

दोघं खाली फळीवर उतरली आणि नावेच्या तोंडापाशी गेली. ऊन थेट चित्रावर पडलं होतं. झोराईदेने डाव्या पाकळीवर तळहात ठेवला. लाकूड तापलं होतं. "हा. हा एवढा फुगायला नको होता."

"डावा डोळा?"

"डोळा नाही तो."

"नाही कसा? छापलंय ना तुझ्या पुस्तकात!"

"वाल्देसी, हा चेहराच नाही," ती म्हणाली. आता लपवून ठेवण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. "हे बूड आहे. नराचं. माश्या तिथूनच ओळखतात."

वाल्देसीने चित्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे. "म्हणजे पाद्रीबाबांनी..."

"हो."

"आणि ह्या बाया येता-जाता ओठांना लावतात..."

"हो रे हो!"

त्याचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग फुटला, आणि तो गुडघ्यांवर हात टेकून हसायला लागला. तिलाही आवरेना. पाद्रीबाबांच्या दिवशी गिळलेलं हसू सगळं एकदम वर आलं. शेजारच्या नावेवरून एक मासळीवाली ओरडली, "काय गं, भर दिवसा चढली का तुम्हा दोघांना?" आणि वाल्देसी हसता हसताच नावेला कपाळ टेकवून रडायला लागला. हसण्याचं रडणं कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तू म्हणाली होतीस, सर्दी आहे," तो नावेकडेच तोंड करून म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने हे एकदाही काढलं नव्हतं. झोराईदे रोज वाट बघत होती, आज म्हणेल, उद्या म्हणेल. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"म्हणाले होते," ती म्हणाली.

"आणि मी म्हणालो, एवढी एक फेरी मारून येतो, मग बघू. माल भरलेला होता. केळी होती, झोराईदे. केळी नासतील म्हणून गेलो मी."

ती त्याच्याजवळ सरकली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने भिजलेला होता. लग्न मोडल्यानंतर ती त्याला पहिल्यांदाच आपणहून हात लावत होती. दोघं काही वेळ तशीच उभी राहिली, फळीवर, आणि हमाल शिव्या देत त्यांना वळसा घालून गेले.

"लिहू नकोस म्हटलं तर?" त्याने विचारलं.

"नाही लिहिणार."

"खरंच?"

"तुझ्या गळ्याची शपथ. तू सांगशील तसं. तुझीही मुलगी होती ती."

वाल्देसीने बाहीने तोंड पुसलं. नावेवरच्या निळ्या अक्षरांवरून त्याने एकदा अंगठा फिरवला. "तिने दोघांना फाडून खाल्लं असतं," तो म्हणाला. "लिही. आधी तुला बोलली असती, मग मला." जरा थांबून तो म्हणाला, "पुसून टाकतात का नाव?"

"पुसत नाहीत. त्या जुन्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. पण आता कोणी वापरायचं नाही."

"आणि दुसऱ्या कुठल्या माशीला देतात का?"

"ह्या कुळातल्या कुठल्याच माशीला नाही. कधीच नाही. एकदा दिलं, की ते तिचं."

"म्हणजे वापरायचंही नाही आणि कुणाला द्यायचंही नाही."

"हो."

त्याने मान वर करून वरच्या मजल्याकडे बघितलं. झोळ्या बांधायला सुरुवात झाली होती, लाल, पिवळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. पुढच्या बाजूचे ते दोन आकडे रिकामे होते.

"हे मला जमतं," वाल्देसी म्हणाला. "रोज तेच तर करतो."

"हे चित्र?"

"असू दे. शेवटी तशीच होती ना ती."

झोराईदेला हुंदका आला तो तिने आवरला नाही. दुपारची फेरी सुटायची वेळ झाली होती. वाल्देसी दोर सोडायला वळला, आणि तेवढ्यात वर एक दांडगी बाई, काखेत पोर, हातात पिशव्या, पुढच्या बाजूला जाऊन नेमकी त्याच आकड्याला झोळीची गाठ मारायला लागली. वाल्देसीने ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. त्याने झोराईदेकडे बघितलं.

झोराईदे जिना चढून वर गेली.

"ताई, ते आकडे सोडा. तिथे नका बांधू."

"का म्हणून? रिकामे तर आहेत! पोराला वारा नको? कोणाची आहे एवढी ही जागा?"

त्या माशीच्या नावाचा अर्थ झोराईदेने आजवर किती जणांना सांगितला होता. यापुढे तो कोणी विचारणार नव्हतं.

"नायाराची," ती म्हणाली.

बाईने इकडे-तिकडे बघितलं. नायारा कुठे दिसेना. पण झोराईदेच्या तोंडाकडे बघून ती काहीतरी पुटपुटली आणि तिने गाठ सोडली.